गीता १७.१५ : वाणीचं तप आणि माधवराव रानडे



काल आपण सतराव्या अध्यायातला चौदावा श्लोक घेतला, शरीराच्या तपाचा. आज पंधरावा. यात भगवंत वाणीचं तप सांगतात. बोलणं ऐकणाऱ्याच्या मनाला टोचणी न लावणारं असावं, खरं असावं, प्रिय असावं आणि हिताचं असावं. त्याला जोडून स्वाध्याय, म्हणजे रोजचं पठण. वाचताना सोपं वाटतं, पण गोम अशी आहे की या सगळ्या अटी एकदम पाळायच्या आहेत. आपण मात्र त्यातली सोयीची तेवढी उचलतो. मी खरं तेच बोलतो असं म्हणणारा टोचायची मुभा घेतो, आणि गोड बोलणारा खरं सांगायचं टाळतो. राजकारणाचा विषय निघाला की तर विचारूच नका. डीपीवर विठोबा आणि कमेंटमध्ये समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार, हे आपण रोज बघतो.

मग कोणी म्हणतं, राजकारणात देवधर्म आणूच नका, देव देव्हाऱ्यात बरा. दुसरं कोणी म्हणतं, धर्मावर बोलायची वेळ आली की सौम्यपणा हा निव्वळ नेभळटपणा. या दोघांच्या मधल्या जागेत एक माणूस पंचवीस-तीस वर्षं उभा राहिला, आणि तेही पुण्यात! म्हणून आज श्लोकाचा एकेक शब्द न सोडवता त्या माणसाचं आयुष्यच सांगतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. शाळेत आपली त्यांची ओळख 'जोड्या लावा'पुरती झालेली असते, त्याच्या पुढे ती क्वचितच जाते.

जन्म १८ जानेवारी १८४२, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. बालपण कोल्हापुरात गेलं, पुढचं शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. वाचून वाचून डोळे कायमचे अधू झाले. अंगाने थोराड, कपड्यांकडे लक्ष नाही, बोलणं संथ. सभेत टाळ्या घेणाऱ्यांतले ते नव्हतेच.

१८६७ मध्ये मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी प्रार्थना समाज सुरू केला. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यात थोड्याच काळात सामील झाले. एकच देव, मूर्ती नाही, आणि उपासनेत तुकोबा-नामदेवांचे अभंग. आपल्यातल्या काहींना हे पटणार नाही. मलाही मूर्तीसमोर उभं राहिल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. पण माधवरावांची भक्ती उसनी नव्हती. त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींच्या पुस्तकात पहाटेच्या वेळचे रानडे भेटतात. उजाडायच्या आत उठून, टाळ्या वाजवत तुकोबांचे अभंग म्हणत बसलेले. गळा काही गाण्याचा नव्हता. श्लोकातला स्वाध्याय म्हणतात तो हा. दिवसभर जे ऐकून घ्यायचं, त्याची तयारी पहाटेच व्हायची, असं मला ते पुस्तक वाचताना वाटत राहिलं.

१८७१ मध्ये ते न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. आदल्या वर्षी, म्हणजे १८७० मध्ये, सार्वजनिक काका ऊर्फ गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गंमत बघा, या सभेचं मूळ एका देवस्थानाच्या कारभारात आहे. पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार नीट चालत नाही ही लोकांची तक्रार, तिच्यासाठी माणसं एकत्र आली आणि त्यातून ही राजकीय संस्था उभी राहिली. सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांच्या सहीचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे मला अमुक वाटतं एवढ्यावर बोलायची सोय नव्हती. ज्यांच्या वतीने बोलायचं त्यांना आधी भेटून यायचं. रानडे सरकारी नोकर, त्यामुळे पडद्यामागे राहिले, पण सभेचं डोकं तेच. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. १८७८ पासून सभेचं त्रैमासिक निघालं. त्यातले बहुतेक लेख रानड्यांचे, नाव न घालता लिहिलेले.

शेतसारा, दुष्काळ, प्रतिनिधित्व हे वाद इंग्रजांशी होते, तिथे अर्ज आणि आकडे चालत. घरातले वाद जास्त कडवट होते. विधवांचं लग्न शास्त्राला मान्य आहे का, यावर १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर जाहीर शास्त्रार्थ झाला. सुधारकांची बाजू हरली. रानड्यांनी या प्रश्नावर वेदातले आधार गोळा करून लिहिलं होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'शास्त्र जुनं झालं, बाजूला ठेवा' असं म्हणायची सोपी वाट त्यांना मोकळी होती. इंग्रजी शिकलेले बरेच जण तेच म्हणत होते. रानडे मात्र समोरचा ज्या ग्रंथाला मानतो तोच ग्रंथ उघडून त्याच्या शेजारी बसायचे. म्हणजे समोरच्याची श्रद्धा खरी आहे असं आधी धरायचं आणि मग वाद घालायचा. विधवाविवाहाला पाठिंबा दिला म्हणून जातीने बहिष्कार घातला, तोही त्यांनी सोसला.

आणि इथेच त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट येते. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी सखूबाई वारली. रानडे एकतीस वर्षांचे. लोकांना वाटलं, आता हे एखाद्या विधवेशी लग्न करून बोलण्याप्रमाणे वागतील. वडिलांनाही तीच भीती होती, म्हणून त्यांनी घाईने मुलगी पाहिली. यमुना कुर्लेकर, वय अकरा वर्षं. माधवरावांनी नको म्हटलं, विनवलं. वडील बधले नाहीत. शेवटी वडिलांचं मन मोडायचं नाही म्हणून ते उभे राहिले. तीच मुलगी पुढे रमाबाई रानडे झाली.

त्या काळी पुण्या-मुंबईत यावर जी टीका झाली ती रास्त होती असं मला वाटतं. पितृभक्ती मोठी, मान्य. पण वडिलांना न दुखावण्याची किंमत त्यांनी स्वतः भरली नाही, ती अकरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यातून गेली, आणि ज्या विधवांच्या बाजूने ते बोलत होते त्यांच्या वाट्याच्या धीरातूनही गेली. श्लोकातल्या चार अटींपैकी न टोचण्याची अट त्यांनी वडिलांपुरती पाळली, हिताची सुटली. त्यांनी पुढे रमाबाईंना स्वतः शिकवलं. घरातल्या बायका टोमणे मारत, शिकणं हाणून पाडायचा प्रयत्न करत, तरी मराठी झालं, इंग्रजी झालं. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं करणाऱ्या या बाईंनी नवऱ्याबद्दल पुस्तकभर भक्तीनेच लिहिलं आहे. तरी १८७३ ची गोष्ट पुसली जात नाही, आणि पुसूही नये.

१८७५ मध्ये स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले. त्यांना बोलावणाऱ्यांत रानडे होते. स्वामींची व्याख्यानं पुण्यात गाजली. ती संपल्यावर सप्टेंबरमध्ये त्यांची मिरवणूक काढायचं ठरलं. विरोधकांनी त्याच दिवशी गाढव सजवून 'गर्दभानंदा'ची मिरवणूक काढली. पावसाळ्याचे दिवस, रस्त्यावर चिखलाला तोटा नाही. स्वामींच्या मिरवणुकीवर चिखल आणि दगड पडायला लागले. रानडे मिरवणुकीत पायी चालत होते. शहरातले न्यायाधीश! मनात आणलं असतं तर घरी बसता आलं असतं, किंवा चिखल पडल्यावर पोलिसांच्या आड उभं राहता आलं असतं. ते चालत राहिले. रमाबाईंनी लिहिलंय की चिखलाने भरलेल्या कपड्यांनी घरी आले आणि सगळं हसण्यावारी नेलं. बाकीच्यांच्या अंगावर पडला तर आपल्याच अंगावर का पडू नये, असा एकूण सूर.

त्या मिरवणुकीत जोतीराव फुले आपल्या माणसांना घेऊन संरक्षणाला आले होते. आता मांडणी बघा. दयानंद वेदांना अपौरुषेय, शेवटचा शब्द मानणारे. रानड्यांच्या प्रार्थना समाजाला तसं मान्य नाही. फुल्यांना तर वेदांचा अधिकारच मान्य नाही. तिघं तीन टोकांना, तरी एका मिरवणुकीत. मतं जुळली म्हणून ते तिथे नव्हते. एका माणसाला बोलू द्यायचं, त्याच्यावर चिखल पडू द्यायचा नाही, एवढंच तिथे समान होतं.

म्हणून फुले आणि रानडे यांचं सगळं गोडीत होतं असं नाही. १८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती. रानड्यांनी जोतीरावांना आमंत्रण पाठवलं. जोतीरावांनी नकाराचं खणखणीत पत्र पाठवलं. जे लोक शूद्रातिशूद्रांना माणूस म्हणून असलेले हक्क प्रत्यक्ष वागण्यात देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय. शेतकऱ्यांच्या स्थितीवरच्या रानड्यांच्या मतांवरही त्यांनी त्याच वर्षी जोरदार टीका लिहिली. हे पत्र मी परत परत वाचतो. रानड्यांची भाषा कितीही मऊ असली तरी त्या सभेतल्या बहुतेक खुर्च्या एकाच प्रकारच्या माणसांच्या होत्या. ज्यांच्याविषयी बोलणं चाललंय तेच बाहेर असतील, तर आतल्या सभ्यतेचं त्यांनी काय करायचं? जोतीरावांचं बोलणं टोचणारं होतं, पण खरं आणि हिताचं होतं. श्लोक समोर ठेवून विचार केला तर या प्रकरणात कोण जास्त अटी पाळत होतं, हे सांगणं मला तरी जड जातं.

दरम्यान सरकारचाही विश्वास नव्हताच. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या काळात रानड्यांवर संशय धरला गेला, पुण्याहून त्यांची बदली झाली, धुळ्यात असताना त्यांची टपालं फोडून वाचली जात. म्हणजे इकडे इंग्रजांना ते राजद्रोही वाटत आणि तिकडे पुण्यातल्या काहींना इंग्रजांचे हस्तक. मधे उभं राहणाऱ्याला दोन्हीकडून बसतात, तसं.

१८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून पुणं पेटलं. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय, लग्न झालेलं असलं तरी, दहावरून बारा करायचं, एवढाच प्रस्ताव. एवढाच! कायद्याच्या बाजूने भांडारकरांनी स्मृतिवचनं काढून दाखवली, रानड्यांनीही आपली परंपरा काळानुसार बदलत आली आहे आणि अशा कामात राज्यसत्तेची मदत घेणं गैर नाही असं मांडलं. लोकमान्य टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, सुधारणा आमची आम्ही करू. टिळकांचा मुद्दा फेकून देण्यासारखा नव्हता. परकं सरकार आज इथे शिरलं तर उद्या कुठे शिरेल, ही शंका खरीच होती. पण ज्या मुलींचा प्रश्न होता त्यांना 'आमचं आम्ही करू' ची वाट बघायला वेळ नव्हता. या वादात दोन्ही बाजूंनी भरपूर शिवीगाळ झाली. रानडे व्यक्तिगत टीकेला उत्तर देण्याच्या भानगडीत पडत नसत. त्यांच्या नावाने वर्तमानपत्रांत काय काय छापलं जायचं, ते बघता हे सोपं नव्हतं.

चहाचं प्रकरणही याच सुमाराचं. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला रानडे, टिळक आणि इतर बरेच प्रतिष्ठित लोक गेले. तिथे चहा-बिस्किटं दिली गेली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! उपस्थितांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. शेवटी १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. स्वतःला पाप लागलं असं त्यांना वाटत नव्हतं. मित्रांच्या घरांत बहिष्कारामुळे अडचणी आल्या होत्या, त्यांच्यासोबत ते बसले. सुधारक चिडले, जुने लोक हसले. १८७३ सारखीच ही माघार, असं पुष्कळांनी म्हटलं. मला फरक दिसतो. या वेळी कमीपणा आला तो त्यांच्या एकट्याच्या नावाला.

१८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि मुंबईला राहायला गेले. पुण्यातला वाद मात्र त्यांच्यामागे आलाच. १८९५ मध्ये टिळकपक्षाने सार्वजनिक सभेच्या कार्यकारी मंडळावर बहुमत मिळवलं. वीस-बावीस वर्षं ज्या सभेला माधवरावांनी वाढवलं ती हातातून गेली. त्याच डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात होतं. १८८७ पासून रानड्यांची सामाजिक परिषद काँग्रेसच्याच मंडपात, अधिवेशन संपल्यावर भरत आली होती. विरोधकांनी हट्ट धरला की या मंडपात सुधारकांची परिषद होऊ द्यायची नाही. मंडप जाळायची भाषा सुरू झाली.

रानड्यांपुढे दोन वाटा. हक्काने तिथेच परिषद घ्यायची, देशभरातून आलेल्या पाहुण्यांसमोर पुण्याची मारामारी होऊ द्यायची आणि कदाचित काँग्रेसच फुटू द्यायची. किंवा मंडप सोडायचा. त्यांनी मंडप सोडला आणि परिषद दुसऱ्या जागी घेतली. पण घेतली! विषय एकही गाळला नाही, ना विधवाविवाह, ना मुलींचं शिक्षण. जागा गेली, म्हणणं तसंच राहिलं. पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, सार्वजनिक सभा परत बळकावण्याच्या खटपटीत न पडता त्यांनी डेक्कन सभा काढली. तिच्या धोरणात जात-धर्माचे पूर्वग्रह बाजूला ठेवणं, माणसामाणसांत न्याय, राज्यकर्त्यांशी कायद्यापुरती निष्ठा आणि लोकांना कायद्याने मिळायला हवी ती समता, असा सगळा विचार होता. ही संस्था सार्वजनिक सभेइतकी कधीच गाजली नाही. शांत संस्थांचं तसंच होतं. पण त्यांच्या हाताखाली तयार झालेले गोपाळ कृष्ण गोखले पुढे देशाच्या राजकारणात काय झाले, ते आपल्याला ठाऊक आहे.

१९०० साली त्यांचं 'मराठी सत्तेचा उदय' हे इंग्रजीतलं पुस्तक आलं. त्यात महाराष्ट्रातल्या संतांवर एक आख्खं प्रकरण आहे. शिवरायांच्या राज्याची जमीन वारकरी संतांनी नांगरून ठेवली होती, असं त्यांचं म्हणणं. यावर आजही वाद होतात. पण धर्म आणि राजकारण यांचं नातं त्यांना कसं दिसत होतं, ते यातून कळतं. भक्तीने माणसं एकमेकांच्या जवळ येतात, आणि जवळ आलेली माणसंच राज्य उभं करतात.

त्या वर्षअखेरीस सामाजिक परिषद लाहोरला होती. रानड्यांचं हृदय साथ देत नव्हतं, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. सुरुवातीपासून एवढ्या निष्ठेने चालवलेल्या परिषदेला जाता येत नाही, याचा त्यांना फार त्रास झाला. गोखले लाहोरला गेले आणि रानड्यांनी लिहून दिलेला निबंध तिथे वाचला गेला. विषय कोणता, तर वसिष्ठ आणि विश्वामित्र! कामधेनूवरून सुरू झालेलं दोन ऋषींचं वैर आपण लहानपणापासून ऐकत आलोय. रानड्यांनी त्यात दोन प्रवृत्ती पाहिल्या. एक आपला वंश, आपली चालरीत शुद्ध राखू बघणारी, दुसरी बाहेरच्यांना आत घेणारी. दोघंही ऋषीच, दोघंही तपस्वीच. आणि विश्वामित्रांनी एवढी तपश्चर्या केली, तरी त्यांना ब्रह्मर्षी म्हणून हाक हवी होती ती वसिष्ठांच्याच तोंडून, ही आपली पुराणातली गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे.

१६ जानेवारी १९०१ च्या रात्री मुंबईत रानडे गेले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. ज्या टिळकांशी पुण्यात एवढे खटके उडाले, त्यांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला. थंड गोळा होऊन पडलेल्या महाराष्ट्रात या माणसाने ऊब आणली आणि त्याला जिवंत केलं, असं त्यांनी त्यात मोकळ्या मनाने मान्य केलं आहे. तो लेख मिळाला तर जरूर वाचा.

उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप. पाठ करून या, त्यातले पाच शब्द आपण एकेक करून घेऊ.

राम कृष्ण हरी.